सह्याद्रीचा मसुदा आणि पक्षांची सोय

पश्चिम घाटातील परिसरसंवेदनशील क्षेत्र ठरविणाऱ्या अधिसूचनेचा पहिला मसुदा केंद्र सरकारने १० मार्च २०१४ रोजी काढला. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी. मधल्या दहा वर्षांत केंद्रात सत्तांतर झाले, महाराष्ट्रात तर पक्षांच्या जवळजवळ साऱ्या शक्य जुळण्या सत्तेवर येऊन गेल्या. परंतु अंतिम अधिसूचना मात्र एकदाही निघाली नाही. एखादे धोरण एका पक्षाने पुढे रेटले आणि दुसऱ्याने अडविले, तर त्यास मतभेद म्हणता येते. ते सर्वांच्याच कारकीर्दीत सारख्याच सहजतेने अडून राहते, तेव्हा त्याचे कारण पक्षांच्या मतभेदांत सापडणार नाही. ते त्यांच्या एकमतात शोधावे लागेल. हे एकमत कशाचे, हे पाहावयाचे तर दिल्लीच्या मंत्रालयापेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

सड्यावरचे पाणी आणि सड्याखालचे धन

शाहूवाडी हा जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा डोंगरी तालुका. उत्तरेस वारणा, मध्यातून कडवी, दक्षिणेच्या बाजूस कासारी. पश्चिमेस आंबा घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा लागतो. कडवी वारणेला मिळते, कासारी पंचगंगेला. म्हणजे येथील डोंगरावर पडलेला पाऊस पुढे वारणाकाठच्या उसाला आणि कोल्हापूरच्या परिसराला जाऊन पोहोचतो. तालुक्याचा उत्तरेकडील काही भाग चांदोलीच्या जंगलात येतो. चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि जानेवारी २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. चांदोलीचे जंगल राधानगरीशी आणि पुढे गोव्याकडील वनांशी जोडलेले राहते ते विशाळगड आणि आंब्याच्या डोंगररांगांमुळे. हा दुवा तुटला तर दोन्ही बाजूंची जंगले बेटांसारखी एकाकी पडतील.

या डोंगरांच्या माथ्यावर जांभ्याचे विस्तीर्ण सडे आहेत. वरून पाहणाऱ्यास ते उजाड, निरुपयोगी वाटतात. महसुली दप्तरातही त्यांची नोंद बहुधा पडीक अशीच असते. प्रत्यक्षात हा सच्छिद्र खडक पावसाळ्यात पाणी मुरवून घेतो आणि पुढे कड्याखालच्या झऱ्यांतून ते सावकाश सोडतो. पायथ्याच्या वाड्यावस्त्यांचे पिण्याचे पाणी या झऱ्यांवर अवलंबून असते. परंतु याच जांभ्याच्या थरांत बॉक्साईट सापडते. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या तालुक्यांच्या सड्यांवर बॉक्साईटचे खाणपट्टे दिले गेले, आणि बेळगावच्या अल्युमिना कारखान्यास येथील खनिज पुरविले गेले. सड्याच्या पोटातील पाण्याला बाजारभाव नाही. त्याच सड्यातील खनिजाला मात्र लंडनच्या धातुबाजारातील भावाशी जोडलेली किंमत आहे. तंटा येथून सुरू होतो.

यादीची भीती

पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी केंद्राने मार्च २०१० मध्ये ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला. तो लोकांपुढे यावयास मात्र मे २०१२ उजाडला. माहितीच्या अधिकाराखाली झालेली मागणी, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि अखेर दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, एवढ्या पायऱ्या त्यासाठी चढाव्या लागल्या. ज्या अहवालाचा गाभाच ग्रामसभांशी विचारविनिमय करून सीमा ठरवाव्यात हा होता, तो ग्रामसभांपासून नऊ महिने लपवून ठेवण्यात आला. या काळात अहवालाविषयी जे काही पसरले, ते अहवाल न वाचताच पसरले.

ऑगस्ट २०१२ मध्ये दुसरी समिती आली. अंतराळशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने एप्रिल २०१३ मध्ये संरक्षणाचे क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर, म्हणजे ५९,९४० चौरस किलोमीटरवर आणले. महाराष्ट्राच्या वाट्याला १७,३४० चौरस किलोमीटर आणि दोन हजारांवर गावे आली. शाहूवाडी तालुक्यातील अनेक गावे त्यांत आहेत. या क्षेत्रात बंदी कशावर सुचविली होती, हे नीट पाहिले पाहिजे. खाणी, दगडखाणी आणि वाळू उपसा, औष्णिक वीजकेंद्रे, ‘लाल’ वर्गातील अतिप्रदूषक उद्योग, वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामे आणि पन्नास हेक्टरांपेक्षा मोठ्या वसाहती. शाहूवाडीच्या कोणत्या शेतकऱ्याला वीस हजार चौरस मीटरचे घर बांधावयाचे आहे?

तरीही गावोगाव सांगितले गेले ते असे की, गाव यादीत गेले म्हणजे घराला कौल घालता येणार नाही, विहीर खणता येणार नाही, गुरे रानात नेता येणार नाहीत. ही भीती लोकांच्या मनात सहज रुजली, आणि त्यास कारण होते. वारणा धरण आणि चांदोली अभयारण्य यांच्यासाठी गावे उठली. त्या विस्थापितांना पुनर्वसनाच्या जमिनीसाठी अनेक दशकांनंतरही जिल्हाधिकारी कार्यालयापुढे ठिय्या द्यावा लागला. गव्यांनी आणि डुकरांनी पीक खाल्ले तर नुकसानभरपाईसाठी हेलपाटे मारावे लागतात. सरपणाच्या मोळीवर वनरक्षकाची नजर असते. वनखात्याचा ज्याला हा अनुभव आहे, त्याने आणखी एका सरकारी यादीला भ्यावे यात नवल नाही. लोकांची भीती खोटी नव्हती. राजकीय पुढाऱ्यांनी तिला चुकीचा पत्ता दिला. खाणमालकावरील बंदी ही शेतकऱ्यावरील बंदी म्हणून खपविण्यात आली, आणि शेतकऱ्याचा विरोध खाणमालकाच्या उपयोगी पडला.

सर्वपक्षीय एकवाक्यता

या कामात कोणताही एक पक्ष दुसऱ्याच्या मागे राहिला नाही. केरळमध्ये काँग्रेसप्रणीत आघाडी सत्तेवर आणि डावी आघाडी विरोधात होती. अहवालास विरोध दोघांचाही होता. लोकसभा निवडणुका जाहीर झाल्या ५ मार्च २०१४ रोजी. पाच दिवसांनी निघालेल्या मसुद्यात केरळचे क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३ वर उतरले होते, आणि एकूण क्षेत्र ५६,८२५ वर आले होते. कर्नाटकात सरकारे बदलली, पण अहवाल नाकारण्याची भूमिका बदलली नाही. महाराष्ट्रातही शेकडो गावे यादीतून वगळावीत असा आग्रह धरण्यात आला, आणि वगळावयाच्या गावांत खाणी व उद्योग यांची शक्यता असलेली गावे होती. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुका तर कस्तुरीरंगन समितीच्या यादीतच आला नाही. विशेष असे की, याच सिंधुदुर्गातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपणांस संवेदनशील क्षेत्रात घ्यावे असे ठराव केले होते. ज्या गावांनी संरक्षण मागितले त्यांच्या ठरावांपेक्षा ते नको म्हणणाऱ्यांचा आवाज वर पोहोचला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये केंद्राने एक आदेश काढून प्रस्तावित क्षेत्रात खाणींसारख्या कामांना नव्याने परवानगी देण्यास मनाई केली, हे येथे नमूद केले पाहिजे. सह्याद्री अगदीच उघड्यावर पडला असे त्यामुळे झाले नाही. परंतु आदेशाचे संरक्षण आणि अंतिम अधिसूचनेचे संरक्षण यांत कुळ आणि मालक यांच्यातील फरक आहे. क्षेत्र कायम झाले नाही तोवर प्रत्येक नव्या मसुद्याबरोबर हरकती येतात, फेरपाहणी होते आणि यादी पुन्हा उघडते. कोणते गाव आत राहील आणि कोणते बाहेर जाईल, हा प्रश्न अशा रीतीने दहा वर्षे खुला राहिला.

अनिश्चिततेचा बाजार

भ्रष्टाचार म्हटला की टेबलाखालून दिलेले पाकीट डोळ्यांपुढे येते. वजनकाट्यावर कमी दाखविलेला डंपर किंवा एकाच वाहतूक परवान्यावर झालेल्या चार खेपा, हे त्याचे किरकोळ प्रकार होत. जांभा हा गौण खनिजांत मोडतो, बॉक्साईट हे प्रमुख खनिज. दोन्ही एकाच सड्यातून निघतात. तेव्हा कोणत्या ढिगाला कोणते नाव द्यावयाचे, यातही मोह आहेच. पण घाऊक व्यवहार याच्या बराच वर होतो.

अर्थशास्त्रात ‘खंड’ या संज्ञेस विशिष्ट अर्थ आहे. निसर्गाने दिलेल्या वस्तूवर केवळ ताबा असल्यामुळे, श्रम आणि भांडवल यांचा मोबदला वजा जाऊनही जो लाभ उरतो, तो खंड. खनिज ही अशी वस्तू आहे. ते जनतेचे धन. त्याचा खंड सरकारी तिजोरीत यावा. अल्युमिनाकरिता जाणाऱ्या बॉक्साईटवरील स्वामित्वधन मात्र त्यातील धातूच्या लंडन बाजारभावाच्या एका टक्क्याहूनही कमी दराने आकारले जाते. २०१५ पूर्वी खाणपट्टे लिलावाविना, अर्जावर दिले जात. तिजोरीत न आलेला खंड नाहीसा होत नाही. तो ज्याच्या सहीने पट्टा मिळतो त्याच्या आणि ज्याला पट्टा मिळतो त्याच्यामध्ये वाटला जाण्यास मोकळा राहतो.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी भ्रष्टाचाराचे एक साधे समीकरण १९८८ साली मांडले: मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार, वजा उत्तरदायित्व. पश्चिम घाटाच्या मसुद्याला ते तंतोतंत लागू पडते. अंतिम अधिसूचना निघाली तर निर्णय संपतो आणि निर्णय संपला की विकण्यासारखे काही उरत नाही. मसुदा जोवर मसुदा आहे तोवर गाव वगळून देण्याचे आश्वासन देता येते, खाणचालकास आशेवर ठेवता येते आणि ग्रामस्थांना ‘यादीपासून तुम्हांला वाचविले’ असेही सांगता येते. एकाच कागदावर दोन्हीकडून उत्पन्न होते: एकीकडून निधी, दुसरीकडून मते. अनिर्णय ही येथे प्रशासनाची दिरंगाई राहत नाही, ती एक मालमत्ता बनते. सत्ता कोणाचीही असो, ही मालमत्ता आपणहून सोडून देण्याचे कारण कोणापाशीच नसते. पक्षांचे एकमत आहे ते हे.

हा केवळ तर्क नव्हे. शेजारच्या गोव्यात काय घडले, हे सर्वज्ञात आहे. न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा लोहखनिजामुळे झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये दिला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये असे ठरविले की, तेथील खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपलेली होती. म्हणजे एका पक्षाच्या राज्यात वर्षानुवर्षे पट्ट्यांविना खनिज निघाले. पुढे दुसऱ्या पक्षाच्या राज्यात ८८ पट्ट्यांचे लिलावाविना नूतनीकरण झाले. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. त्याआधीच्या दिवसांत नूतनीकरणाची एकच घाई उडाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ही ८८ नूतनीकरणे रद्द केली तेव्हा या घाईची दखल घेतली. कर्नाटकात लोकायुक्त न्या. संतोष हेगडे यांनी जुलै २०११ च्या अहवालात १६ हजार कोटींहून अधिक नुकसान दाखविले, आणि त्यानंतर मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. कागद, रस्ते, बंदरे आणि तपासणी नाके, सारी यंत्रणा शाबूत असताना हे घडले.

देणग्यांचा धागा

यामागे निवडणूक खर्चाचा प्रश्न आहे. पक्षांना पैसा लागतो आणि तो मोठ्या प्रमाणात देऊ शकणाऱ्यांत सरकारी परवान्यावर चालणारे उद्योग अग्रभागी असतात. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लंडनस्थित वेदांत समूहाच्या भारतातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याचा भंग केला. पुढे काय व्हावे? २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परकीय’ या शब्दाची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. २०१८ मध्ये हा प्रभाव १९७६ पर्यंत मागे नेण्यात आला. एरवी लोकसभेत एका वाक्यावरही सहमत न होणाऱ्या दोन पक्षांची या बाबतीत एकदमच सुटका झाली. दरम्यान, २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठली आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या याद्यांत खाण, धातू आणि पायाभूत बांधकाम या क्षेत्रांतील कंपन्यांची नावे ठळक होती. देणगी आणि परवाना यांचा थेट संबंध सिद्ध करणे प्रत्येक बाबतीत शक्य नसते. पण ज्या घरातून आपला खर्च चालतो त्या घराविरुद्ध कडक नियम करावयास कोणी उत्सुक नसतो, हे समजण्यास पुराव्याची गरज भासू नये.

किंमत कोण मोजतो

मूठभरांचा मोठा लाभ आणि असंख्यांचे थोडे थोडे नुकसान, अशी विभागणी जेथे असते तेथे मूठभर संघटित होतात आणि असंख्य गप्प राहतात, असे मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. खाणपट्ट्याचा लाभार्थी मुंबईत वकील देऊ शकतो. आटलेल्या झऱ्याची तक्रार घेऊन आलेली बाई तहसील कचेरीच्या बाकावर बसून राहते. तिचे नुकसान कोणत्याही ताळेबंदात नोंदले जात नाही.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगा आणि वारणा यांच्या काठांनी महापूर पाहिले. पुराची कारणे अनेक. अतिवृष्टी, धरणांतील विसर्ग, नदीपात्रातील भराव आणि बांधकामे यांपैकी कोणा एकावर सारा दोष टाकता येणार नाही. परंतु पाणी धरून ठेवणारा माथा उघडा करावा आणि मग पायथ्याशी पूरनियंत्रणावर कोट्यवधी रुपये खर्चावे, हे कोणत्या हिशेबात बसते? माळीण गावावर डोंगर कोसळला तो ३० जुलै २०१४ रोजी. १५१ माणसे गेली. २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इरशाळवाडी. वायनाडमधील दरड कोसळली ती ३० जुलै २०२४ रोजी, माळीणनंतर नेमकी दहा वर्षांनी, आणि तीत दोनशेहून अधिक बळी गेले. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी. मसुद्यांच्या दहा वर्षांच्या दोन्ही टोकांना अशी प्रेते आहेत.

राज्य सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने विशाळगड, पन्हाळगड यांसह कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक वनक्षेत्रांना संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. विशाळगडचे क्षेत्र सुमारे ९३ चौरस किलोमीटर आहे. पाऊल स्वागतार्ह होते. मात्र कायद्याने असे क्षेत्र सरकारी मालकीच्या जमिनीवरच जाहीर करता येते. खाजगी मालकीचे सडे त्याबाहेर राहतात. गरीब शेतकऱ्याच्या नावावरील नापीक सडा ही भाडेकरारासाठी सर्वांत स्वस्त जमीन; आणि सड्याशिवाय त्याच्या हाती दुसरे उत्पन्न नसेल तर तो तरी किती दिवस थांबेल? तालुक्यातील तरुण रोजगारासाठी मुंबई गाठतात. त्यांच्या गावांतून वाहणारे पाणी खालच्या खोऱ्यात साखर पिकविते, पण वरच्या गावाला त्याबद्दल एक पैसा मिळत नाही. ‘डोंगर राखा’ हा उपदेश रिकाम्या हातांनी करता येत नाही.

ग्रामसभेचा मार्ग

यावर उपाय म्हणून आणखी एक समिती नेमणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. गरज आहे ती स्वेच्छाधिकार कमी करण्याची आणि उत्तरदायित्व वाढविण्याची. यादीतून एखादे गाव वगळावयाचे असेल तर ते कोणाच्या मागणीवरून, कोणत्या कारणासाठी, आणि त्या गावात कोणाचे खाणपट्टे वा अर्ज आहेत, हे मराठीत छापून त्या गावाच्या चावडीवर लावले पाहिजे. आघात मूल्यांकनाचा अहवाल आज प्रकल्पचालकाच्याच पैशातून तयार होतो. तो स्वतंत्र निधीतून व्हावा. पाण्याचा लाभ घेणाऱ्या साखर कारखान्यांकडून आणि शहरांकडून उगमाकडील गावांना दरवर्षी मोबदला मिळावा. आणि निर्णय ग्रामसभेने करावा.

ग्रामसभा चुका करणार नाहीत असे कोणी म्हणणार नाही. तीही विकत घेतली जाऊ शकते. पण एक मंत्री विकत घेणे आणि दोन हजार ग्रामसभा विकत घेणे यांच्या खर्चात मोठा फरक आहे. ओरिसातील नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साईटच होते आणि कंपनी वेदांतच होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. त्यांच्या पाठीशी वनाधिकार कायदा होता. शाहूवाडीतील धनगर आणि इतर वननिवासी यांना तोच कायदा लागू आहे. परंतु आदिवासी नसलेल्यांना पंचाहत्तर वर्षांचा, तीन पिढ्यांचा रहिवास सिद्ध करावा लागतो, आणि धनगरवाड्यांवर कागद कोठून यावेत?

ते कागद शोधून देणे, ठरावाचा मसुदा शुद्ध मराठीत लिहून देणे, जनसुनावणीच्या दिवशी अहवालाची प्रत वाचून दाखविणे, ही कामे मोठ्या चळवळींची वाट पाहत थांबण्यासारखी नाहीत. मलकापूरच्या शाळेतील शिक्षक, तहसीलमधील कारकून आणि गावाकडे सुटीत आलेला विद्यार्थी यांच्या आवाक्यातील ती आहेत. पक्षांचा मसुदा जोवर मसुदाच राहणार आहे, तोवर गावांनी आपला ठराव तरी अंतिम करून ठेवावा.